लानूरावांचं ‘आम्ही’

लानूराव दाराकडे पाठ करून कधीच बसले नाहीत. बॉनच्या मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, आम्ही खिडकीजवळची टेबलं पकडायला धावायचो आणि हे आपलं ताट घेऊन थेट कोपऱ्यातल्या भिंतीशी जाऊन बसायचे. “अहो, तिथे अंधार आहे,” असं म्हटलं की म्हणायचे, “अंधार चालेल. दार दिसायला हवं.” सुरुवातीला आम्ही हसलो. पुढे पुढे हसू येईनासं झालं. आज इतक्या वर्षांनीसुद्धा कुठल्या हॉटेलात शिरलो, की माझी नजर आधी दार शोधते. कुणाचं काय आपल्याला चिकटेल, काही सांगता येत नाही.

त्यांचं नाव नुसतं लानू. ‘राव’ जोडला तो वसंता कदमनं. कदम कराडजवळच्या एका खेड्यातला, बॉनला मातीचा अभ्यास करायला आलेला. मी सांगलीचा, रसायनशास्त्रात डॉक्टरेटच्या नादी लागलेला. ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पॉपेल्सडॉर्फ भागात फ्राउ हाइन्झे नावाच्या बाईंच्या घरी माडीवर आमच्या शेजारशेजारच्या खोल्या होत्या. गावात मराठी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे सावळा चेहरा दिसला की आम्ही झडपच घालायचो. लानूराव तसे सावळे नव्हते. बुटके, रुंद खांद्यांचे, गालफडं वर आलेली, वय आमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी जास्त. मेन्झात पहिल्यांदा समोर आले तेव्हा कदमनं त्यांना जपानी समजून मोडक्या जर्मनमध्ये टोकियोची हवा विचारली. त्यांनी शांतपणे इंग्रजीत सांगितलं, की मी नागा डोंगरांतला, एका मिशनच्या मदतीनं इथे धर्मशास्त्र शिकतोय.

“अरे तिच्या! म्हणजे आपलेच की राव!” कदम माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला.

“आपलेच म्हणजे काय?” लानूरावांनी शब्द अचूक उचलला.

कदमनं मग ताट बाजूला सारून शिकवणी घेतली. इंग्रजीत ‘वुई’ एकच, जर्मनमध्ये ‘वीर’ एकच. मराठीत मात्र दोन. समोरच्याला धरून ‘आपण’, त्याला वगळून ‘आम्ही’. लानूरावांनी हातातला काटा खाली ठेवला. परक्या गावात अचानक घरचं माणूस दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांच्या आओ भाषेतही हा भेद होता. समोरच्याला धरून ‘असेनोक’, वगळून ‘ओनोक’. इंग्रजी, आसामी, जर्मन, सगळ्या भाषांत ते हा भेद शोधत हिंडले होते आणि शेवटी सापडला तो बटाट्याच्या रश्श्यासमोर, कराडच्या माणसाकडे.

“मग एक सांग,” ते कदमला म्हणाले. “तू मला आपला म्हणालास. मला विचारलंस का?”

हसतच म्हणाले. कदमही हसला. पण त्या दिवसापासून लानूराव ‘आपण’ आणि ‘आम्ही’ या दोन शब्दांवर पहारा ठेवून बसले. आमचं बोलणं इंग्रजीतच चाले, पण हे दोन शब्द मराठीत. बोलता बोलता मी म्हणायचो, “आपल्याकडे थंडीत...” की लगेच बोट वर. “तुमच्याकडे.” कदम म्हणायचा, “आपली लोकं...” की पुन्हा बोट. “आम्ही वेगळे.” कधी मला त्याचा राग यायचा. माणूस आपल्याच पासपोर्टावर आलाय, आपल्याबरोबर जेवतोय, दिवाळीला कदमच्या हातचे जळके शंकरपाळे मिटक्या मारत खातोय, आणि एवढ्याशा शब्दावर अडून बसतोय! मी एकदा तसं बोललोही. ते म्हणाले, “शब्द एवढासाच आहे. पण तो दिला की परत घेता येत नाही.”

पोरांना आवडतील अशा गोष्टी सांगण्यात मात्र त्यांचा हात कुणी धरला नसता. रविवारी ते काही म्हणजे काही काम करत नसत. चर्चहून आले, की दुपारी फ्राउ हाइन्झेंच्या कॉफीला यायचे. एकदा तिथे त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा तरुणपणी शत्रूची मुंडकी आणणाऱ्यांतले. गावात पहिला गोरा पाद्री आला. वर्षभर भाषा शिकला, आणि सगळ्या गावासमोर उभं राहून त्यानं मोठ्यानं प्रार्थना केली, की देवा, आमच्या पापांची क्षमा कर. पण बिचाऱ्यानं ‘ओनोक’ म्हणायचं ते ‘असेनोक’ म्हटलं. म्हणजे देवालाही धरून. गावकरी एकमेकांकडे बघायला लागले, की याच्या देवानं असं काय पाप केलंय?

“मराठीत तर आणखी पंचाईत,” मी म्हटलं. “देवाला ‘आपली पापं’ म्हटलं तर ती सगळीच त्याच्या माथी! आदरानं बोलताना ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’.”

हे त्यांना नवीन होतं. दोनदा विचारून त्यांनी खात्री करून घेतली आणि मनाशी काहीतरी बांधून ठेवल्यासारखं केलं. ते काय, हे पुढे कळलं.

“मग आजोबांनी काय केलं?” कदमनं विचारलं.

“बाप्तिस्मा घेतला. म्हणाले, ज्या देवानं स्वतः पाप केलंय तो माझं ऐकून घेईल. पुढे पाद्र्याला चूक कळली, त्यानं प्रार्थना सुधारली. आजोबा म्हणाले, आता उशीर झाला. मी शब्द दिलाय.”

फ्राउ हाइन्झे डोळे पुसेपर्यंत हसल्या. त्या सहसा हसत नसत. त्यांचे यजमान रशियाच्या आघाडीवर गेले ते ‘फेरमिस्ट’. म्हणजे मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. नुसते बेपत्ता. दाराची घंटा वाजली की बाई अजूनही एक क्षण थबकायच्या. दार बघत बसणारी ती दोन माणसं एकमेकांना फारसं न बोलता ओळखून होती.

एकदा शरद ऋतूत आम्ही ऱ्हाइनच्या काठानं लांब चालत गेलो होतो. शेतांत बटाटे काढून झाले होते आणि शेतकरी वाळलेले वेल जाळत होते. धुराचा वास आला तशी लानूरावांनी बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडलं. थांबले, वारा कुठून येतोय ते पाहिलं, धूर कुठे कुठे आहे ते पाहिलं. मी म्हटलं, “अहो, बटाट्याचे वेल आहेत.” ते म्हणाले, “हो. बटाट्याचाच वास आहे.” आणि पुन्हा चालायला लागले. थोड्या वेळानं आपणहून बोलले. पहिल्यांदाच.

त्यांच्याकडे प्रत्येक गाव डोंगराच्या माथ्यावर, वेशीला लाकडी दार, आणि गावावर गावाचाच अंमल. राजा कुणीच नाही. “राजा नव्हता म्हणून तर येशूला राजा करणं सोपं गेलं,” ते म्हणाले. इंग्रज जाणार असं ठरलं तेव्हा त्यांच्या लोकांनी म्हटलं, तुम्ही यायच्या आधी आम्ही जसे होतो तसेच आम्हाला ठेवून जा. “तुमच्या स्वातंत्र्याच्या आदल्याच दिवशी आम्ही आमचं जाहीर केलं,” ते आम्हाला म्हणाले. मग स्वतंत्रच राहायचं, यावर गावोगाव लोकांचे अंगठे घेतले. त्यांच्या आईनंही अंगठा उठवला आणि शाई आपोआप जाईपर्यंत धुतली नाही. त्यांच्या लेखी तो निव्वळ राजकारणाचा मामला नव्हता. देवासमोर दिलेला शब्द होता. दिल्लीनं ते मानलं नाही. पोरं बंदुका घेऊन रानात गेली, मागोमाग फौज आली. रानातल्यांना भात दिला असा वहीम आला, की गावं जळायची. “मी शिकायला निघालो, तेव्हा आमच्या खालच्या डोंगरावर धूर होता. अजून आमच्या डोंगरावर नव्हता.”

पेपरात वाचलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. देशाची एकजूट, परकी चिथावणी, अमुक आणि तमुक. पण त्या धुरात उभं राहून ते बोलवेना. कदम तर केव्हापासून गप्प होता, आणि का गप्प होता ते मला ठाऊक होतं. त्याचा थोरला भाऊ फौजेत कॅप्टन होता, आणि त्याच वर्षी त्याची नेमणूक नागा डोंगरांत झाली होती.

कदमनं ते दडवलं नाही. दुसऱ्या दिवशी मेन्झात सरळ सांगून टाकलं. “लानूराव, आमचा दादा तुमच्या मुलखात आहे. वर्दीत.” मला वाटलं, झालं, संपली दोस्ती. लानूरावांनी बराच वेळ ताटातलं खाल्लं. मग विचारलं, “डोंगर चढायची सवय आहे त्याला?”

“सह्याद्रीतलाच हाय की.”

“त्याला लिही, पावसाळ्यात पायांना तंबाखूचं पाणी चोळ. जळवा फार.” मग म्हणाले, “आणि रानात पक्षी एकदम गप्प झाले, तर पुढे पाऊल टाकू नकोस म्हणावं.”

हे बोलून झालं आणि त्यांचा चेहरा उतरला. घरातली वस्तू न विचारता शेजाऱ्याला देऊन टाकावी, तसा. त्या दिवशी जेवण टाकून उठले.

त्या हिवाळ्यात कदमनं आम्हाला आपली प्रयोगशाळा दाखवली. बाटल्यांतून माती भरून ठेवलेली. कुठली काळी, कुठली तांबडी, कुठली राखेसारखी. बोलता बोलता कदमनं सवयीनं बोट ओलं करून एका मातीला लावलं आणि जिभेवर ठेवलं. त्याचे वडील शेतात असंच करायचे, खारट आहे का बघायला. लानूरावांनी झटकन त्याचं मनगट धरलं.

“कशाची शपथ घेतलीस?”

“आँ?”

“माती जिभेवर ठेवलीस. मनात काय होतं?”

त्यांच्याकडे शेताच्या हद्दीचा तंटा झाला, की म्हातारे माती तोंडात घेऊन शपथ घेतात. खोटी निघाली तर माती घरातलं माणूस घेते, अशी समजूत. कदमला गंमत वाटली. आम्ही उठता-बसता ‘आईशप्पथ’ म्हणणारी माणसं, शपथेचं कसलं सोयरसुतक! तो हसत म्हणाला, “घेतली की शपथ. आमचा दादा तुमच्यातल्या कुणाला हात लावणार नाही.”

लानूरावांनी मनगट सोडलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “दुसऱ्याच्या हाताची शपथ घेऊ नये, वसंता.”

बाहेर पडताना मी त्यांना छेडलं. “तुम्ही तर ख्रिश्चन. असल्या गोष्टी कशा मानता?” ते म्हणाले, “मी ख्रिस्ताचा आहे. माती अजून आजोबांची आहे.”

पुढच्या दिवाळीला एका हॉलमध्ये आमच्या देशी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. तिथे एक गृहस्थ आले होते. नागपूरकडचे, गोड बोलणारे. काय करतात ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, आणि त्यांनी सांगितलंही नाही. सगळ्यांना सोडून ते कोपऱ्यात भिंतीशी बसलेल्या लानूरावांकडे गेले. “हे मराठी समजतात बरं का,” असं कुणीतरी म्हटल्यावर गृहस्थांनी कौतुकानं विचारलं, “वा! मग काय म्हणता, कसा वाटतो आपला देश?”

लानूराव उठून उभे राहिले. स्वच्छ मराठीत, अतिशय आदरानं म्हणाले, “आपला देश फार मोठा आहे, साहेब. आपली फौजही फार मोठी आहे.”

गृहस्थ खूश झाले. चार लोकांना बोलावून त्यांनी ते वाक्य ऐकवलं. कदम आणि मी एकमेकांकडे पाहायचं टाळत होतो. घरी जाताना लानूराव म्हणाले, “मी खोटं बोललो नाही ना? तुमच्या व्याकरणात बसतं ना?” हसता हसता मी मागे वळून पाहिलं, कारण निघताना त्याच गृहस्थांनी मला बाजूला घेतलं होतं. “फार छान आहेत हो तुमचे मित्र. राहतात कुठे? येतं-जातं कोण त्यांच्याकडे?” मी म्हटलं होतं, “ते आपण त्यांनाच विचारावं.” त्यांनी माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि माझं पूर्ण नाव विचारून घेतलं. काही दिवसांनी फ्राउ हाइन्झे म्हणाल्या, की कुणी एक सभ्य माणूस दारात येऊन ‘हेर’ लानूंची, म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत लानूंची, चौकशी करून गेला. “फार सभ्य,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडेही पूर्वी असेच सभ्य लोक यायचे.”

त्याआधीच्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली होती. फ्राउ हाइन्झेंची बहीण पलीकडे अडकली. बाई कॉफी ओतता ओतता रडायच्या. लानूराव त्यांचा हात धरून बसायचे. मला म्हणाले, “यांना भिंतीला विटा तरी लागल्या. आमचे निम्मे भाऊबंद ब्रह्मदेशात गेले, तिथे नकाशावर नुसती पेन्सिल पुरली.”

मग कळलं, की लानूरावांचं गाव जळालं. मिशनमधल्या कुणीतरी सांगितलं. चर्च, कोठारं, सगळं. माणसांना खाली आणून एका कुंपणात ठेवलंय, आईही तिथेच, आणि गावचा म्हातारा पाद्री वारला. लानूरावांनी ते आम्हाला एका वाक्यात सांगितलं आणि ‘कुणी जाळलं’ हे आम्ही विचारायची वेळ येऊ दिली नाही. कदमचा दादा तिथेच कुठेतरी होता. त्यानंतर ते मेन्झात यायचे, पण कदमच्या समोर न बसता शेजारी बसायचे.

आणि फेब्रुवारीत एका दुपारी कदमला तार आली. दादाच्या तुकडीवर रानात दबा धरून हल्ला झाला. दादा गेला.

कदम खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. मी दाराशी बसून राहिलो. चार वाजायच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. लानूराव हातात फडक्यात गुंडाळलेलं भाताचं भांडं घेऊन आले होते. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी अन्न आणतात, हे त्यांना आमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडेही तसंच असावं. ते उंबऱ्याशी उभे राहिले. आत आले नाहीत.

कदम उठून बसला. डोळे कोरडे. “तुमच्या माणसांनी मारला,” तो म्हणाला.

मला वाटलं, आता हे म्हणतील, तुमच्यांनी आमचं गाव जाळलं. म्हणायला सगळं होतं त्यांच्याजवळ. ते तसं काहीच म्हणाले नाहीत. मराठीत, एकेक शब्द जपून ठेवत बोलले.

“हो. मारलं आम्ही. पण वसंता, भाऊ आपला गेला.”

भांडं खाली ठेवलं आणि जिना उतरून गेले.

कदम कितीतरी वेळ त्या भांड्याकडे बघत होता. मग मला विचारलं, “आपला म्हणाले. म्हणजे ‘तुमचा’, असंच ना? त्या साहेबाला म्हटलं तसं?”

“तुला ते नेहमी काय म्हणतात?”

“तू.”

“मग?”

त्यांनी कदमला जन्मात कधी ‘आपण’ म्हणून आदर दिला नव्हता. उरला तो एकच अर्थ. हे कळल्यावर कदम जो रडला, तो तारेनंतर पहिल्यांदाच रडला.

मिशननं लानूरावांना जर्मनीतच नोकरी देऊ केली होती. त्यांनी नाही म्हटलं. मी भांडलो त्यांच्याशी. “तिथे जाऊन करणार काय?” ते म्हणाले, “कुंपणात माणसं मरताहेत आणि पुरताना प्रार्थना म्हणायला कुणी नाही.” मी म्हटलं, “तुम्हाला तिथे कोण जगू देईल?” ते खूप सहज म्हणाले, “रानातले म्हणतील, हा त्यांच्या पासपोर्टवर हिंडून आला. वर्दीतले म्हणतील, हा रानातला. दोघंही दारानंच येतील.” मी चिडून उठलो. असल्या माणसाला काय म्हणावं, मला आजही कळत नाही. मला ते जायला नको होते, एवढंच कळत होतं.

ते पोचले का, हे आम्हाला कधी समजलं नाही. मिशनला विचारलं, तिथल्यांनाही समजलं नव्हतं. पुढे त्या मुलखाला राज्य मिळालं, काही काळ शस्त्रंही थांबली. प्रत्येक बातमीत मी एक नाव शोधत राहिलो. फ्राउ हाइन्झेंनी मात्र आधीच सांगून टाकलं होतं. “फेरमिस्ट,” त्या म्हणाल्या आणि लानूरावांचा कप धुऊन यजमानांच्या कपाशेजारी ठेवला.

ते गेले त्या दिवशी कदम स्टेशनवर येणार नव्हता. त्या दुपारनंतर तो त्यांच्याशी बोललाच नव्हता. ते भाताचं भांडं घासून त्यानं टेबलावर ठेवलं होतं, परत नेऊन दिलं नव्हतं. निघायच्या वेळेला माझ्या दारात येऊन म्हणाला, “चल. सांगायचं राहिलंय.” आम्ही धावत सुटलो. पण बॉनचं रेल्वेफाटक म्हणजे गावाला शापच. नेमकं आमच्यासमोर खाली आलं. पलीकडे स्टेशन, अलीकडे सायकली, बायकांच्या ढकलगाड्या आणि आम्ही. इटलीतल्या बंदराकडे जाणारी गाडी स्टेशनातून सुटून हळूहळू आमच्या समोरूनच निघाली.

एका खिडकीत लानूराव होते. डब्याच्या दाराकडे तोंड करून बसलेले. आम्हाला बघून ते उभे राहिले आणि त्यांनी काच खाली ओढली. कदम फाटकाच्या दांड्यावर अर्धा ओणवून जिवाच्या आकांतानं ओरडला, “लानूराव! आपण...!”

पुढचं गाडीनं खाल्लं. लानूरावांनी कानामागे हात धरला. ‘काय म्हणालास?’ असं विचारतात तसा. कदम पुन्हा ओरडला, मीही ओरडलो. तोवर खिडकी पुढे सरकली होती. शेवटपर्यंत दिसला तो कानामागे धरलेला हात.